लाल दिसणारं तळं

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर भांडलो. आणि तेसुद्धा एका तळ्यावरून, जे आम्हा दोघांपैकी कोणीच कधी पाहिलेलं नव्हतं.

मार्गशीर्षातला बुधवार होता, सकाळचे दहा-साडेदहा. मुलगा कामावर गेलेला. सून त्या दिवशी घरूनच काम करत होती. खिडकीपाशी उभी राहून फोनवर कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. तिचा लॅपटॉप आमच्या पुढ्यात, घडीच्या टेबलावर. माऊस माझ्या हातात. बायको शेजारी स्टुलावर, चष्मा लावून वर आणखी भिंग धरलेलं. पडद्यावर वसईच्या पुढच्या कुठल्याशा गावाचं तळं, उपग्रहाने वरून काढलेलं. तळं कसलं, लाल डाग. कडेला तेवढी नखाएवढी काळी किनार.

"आटलंय," मी म्हटलं. "पुढचं घेऊ."

"आटला म्हणे! ओ, डोळे आसत की शर्टाची बटणां?"

"लाल म्हणजे झाडपाला, काळं म्हणजे पाणी. सुनेने शंभर वेळा सांगितलंय. इथे काळं दिसतंय का तुला?"

"माका कमळां दिसतत."

"कमळं! आकाशातून काढलेल्या फोटोत तुला कमळं दिसतात आणि काल कात्री कुठे ठेवलीस ते दिसत नाही."

"तुमका दिसणा नाय म्हणजे पाणी नायच, असा काय? वर पानां आसत, पानांखाली पाणी. आता काय पानां उचलून दाखवू तुमका?"

ती मालवणाकडची. लग्न होऊन लालबागला आली त्याला जन्म लोटला, पण रागावली की बोली गावची. मी जन्माने इथलाच. मला तिची बोली सगळी कळते, बोलता येत नाही, त्यामुळे भांडणात ती नेहमी दोन पावलं पुढे.

तिचं म्हणणं असं होतं की पडद्यावर वर ज्या गावाचं नाव लिहिलंय, त्याच गावच्या बायका दादरच्या फुलबाजारात कमळाची पानं विकायला आणतात. "सोमवारीच पानां हाडलंय मी त्यांच्याकडसून. तळा आटला तर पानां काय गच्चीवर पिकवतत त्यो?"

मी म्हटलं, पानं दुसरीकडून आणत असतील आणि नाव या गावाचं सांगत असतील. त्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिचं हे बघणं मला चांगलं माहीत होतं. त्याचा अर्थ, या माणसाशी बोलून काही उपयोग नाही.

आता हे उपग्रहाचं प्रकरण आमच्या घरात कसं शिरलं ते सांगतो.

मी पाणीखात्यात चावीवाला होतो. रस्त्याखाली पाण्याचे मोठे नळ असतात, त्यांच्या व्हॉल्व्हना आम्ही चावी म्हणतो. लांब लोखंडी दांडा घेऊन पहाटे निघायचं, झाकण उचलायचं, दांडा घालून ठरलेले आटे फिरवायचे, की या गल्लीला पाणी. मग ते बंद करून त्या गल्लीला. शाळा चौथीपर्यंत, पण लालबाग, परळ, काळाचौकीत जमिनीखाली कुठून काय जातं ते माझ्या तळपायांना पाठ होतं. गळती शोधायची तर सळईचं एक टोक रस्त्याला टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. पाणी निसटत असेल तर ऐकू येतं. इतकं साधं. मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा मुलगी काय करते म्हणून मी विचारलं. तिचे वडील म्हणाले, तळी मोजते. मी विचारलं, "पट्टीने?"

मुलीनेच उत्तर दिलं. "नाही काका, आकाशातून."

घरी येताना बायको म्हणाली, "चेडू बरा आसा. तोंडार बोलणारा आसा." लग्न झालं.

सून ज्या संस्थेत आहे तिथे तळी, पाणथळ जागा आणि नद्यांची खोरी यांच्यावर उपग्रहातून नजर ठेवतात. उपग्रह वरून फिरत असतो, ठरावीक दिवसांनी त्याच जागेवर पुन्हा येतो आणि फोटो काढून जातो. मग या महिन्यात पाणी कुठवर होतं, गेल्या वर्षी कुठवर होतं, हे एकावर एक ठेवून बघायचं. खोरं म्हणजे काय हेही मला तिनेच सांगितलं. जेवढ्या मुलखात पडलेला पाऊस शेवटी एकाच नदीला मिळतो, तेवढा सगळा मुलूख म्हणजे त्या नदीचं खोरं. मी म्हटलं, म्हणजे आमच्यात एका चावीवर जेवढ्या गल्ल्या चालतात तसं. ती म्हणाली, हो बाबा, पण उलटं. तुमचं पाणी एकातून अनेकांत जातं, हे अनेकांतून एकात येतं. तेव्हापासून मला ती आवडायला लागली.

कॉम्प्युटर पाण्याची कड आपली आपण ओळखतो, पण त्याला आधी शिकवावं लागतं. म्हणजे माणसाने शेकडो फोटोंवर हाताने रेघ मारून दाखवायचं, की हे बघ, हे पाणी, ही कड. ते काम सून रविवारीसुद्धा घेऊन बसायची. मान अवघडायची तिची. एकदा बायको म्हणाली, "अगो, ह्या म्हणजे रांगोळी घालूचा काम. माका दी." फोटो काही गुपित नव्हते, कोणालाही बघता येतात. सुनेने तिला शिकवलं, मग मला. आम्ही रेघ मारायची, रात्री ती एकेक तपासणार, चुकलं तर पुसून टाकणार, असं ठरलं.

पहिल्या दिवशी शिकायला म्हणून तिने आमच्याच भागाचा फोटो दिला, डोळ्यांना दिसतो तशा साध्या रंगातला. म्हणाली, यात कुठे पाणी दिसतं तिथे खूण करा. मी तासभर बसलो. लालबाग-परळमध्ये मला अकरा तळी सापडली. झकास निळी, चौकोनी. मी म्हटलं, या पूर्वीच्या गिरण्यांच्या टाक्या असणार, गिरणीला पाणी लागायचं. छाती फुगवून सुनेला दाखवलं. तिने महिना बघितला, मला बघितलं आणि तोंडावर ओढणी धरली.

"बाबा, जूनचा फोटो आहे. हे गणपतीचे कारखाने आहेत. मांडवावरच्या निळ्या ताडपत्र्या."

ज्या मांडवांच्या सावलीतून मी जन्मभर चाललो, त्यांना मी तळी म्हटलं होतं. बायकोने ते अख्ख्या मजल्याला सांगितलं. पुढे आठवडाभर जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय काका, आज कुठल्या तळ्यात पोहलात?" समोरच्या बिऱ्हाडातल्या म्हाताऱ्या काकू तर साळसूदपणे म्हणाल्या, "गणपतीला पाण्यात बसवलंत की हो."

त्यानंतर सुनेने आम्हाला दुसऱ्या रंगातले फोटो दिले. उपग्रहाला आपल्याला न दिसणारा एक उजेड दिसतो. हिरवं पान तो उजेड परत फेकतं, पाणी गिळून टाकतं. म्हणून त्या फोटोत झाडपाला लालभडक आणि पाणी काळं. पावसाळ्यात ढग असतात तेव्हा वेगळे फोटो, करडे, जुन्या एक्स-रेसारखे. ढगांच्या आरपार जातात म्हणे ते. बायकोला लाल फोटो आवडायचे. म्हणायची, "कुंकवाचो करंडो सांडल्यासारखा दिसता."

तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तिने तीस वर्षं फुलपुड्या बांधल्या. पहाटे दादरला जाऊन फुलं आणायची, घरी बसून एकेका घराची पुडी पानात बांधायची, दोरा गुंडाळायची, आणि सात वाजायच्या आत चाळीच्या दारादारांत अडकवून यायची. गुडघे गेल्यावर धंदा सोडला, तरी सोमवारी आणि सणावाराला बाजारात जायचीच. माझं काम बाहेर पिशवी धरून उभं राहायचं. आत गर्दीत मला सुधरत नाही. ती पानाची एक गड्डी घेताना दहा गड्ड्या उलटवायची आणि विकणारीशी तिच्या सासूपासून नणंदेपर्यंत बोलायची. मी बाहेरून ओरडायचो, "पानं घेतेस की सोयरीक जमवतेस?"

एकदा सुनेने आम्हाला तानसा दाखवला. तीस वर्षं मी ज्याच्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या, तो तलाव मी कधी पाहिला नव्हता. सहल जायची खात्याची, माझी नेमकी ड्यूटी असायची. पडद्यावर काळा पसरलेला हात दिसला, बोटं डोंगरांत घुसलेली. सुनेने एकामागून एक महिने लावले. मेमध्ये बोटं आखडली, सप्टेंबरात पुन्हा पसरली. बायकोने ते तीनदा लावायला सांगितलं. मग मला म्हणाली, "ह्येच्यावर तुमचो पगार व्हतो?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मगे नमस्कार करा." आणि मी खरंच केला. सुनेने बघितलं, पण हसली नाही.

गेलं दीड वर्ष आमच्या सकाळी अशाच गेल्या. चहा झाला की टेबल उघडायचं. कधी ती माऊस धरायची आणि मी बाजूने चुका काढायचो, कधी मी धरायचो आणि ती. डोंगराची सावली पाण्यासारखीच काळी दिसते, जळालेलं गवतही काळं दिसतं, तिथे आम्ही हमखास भांडायचो. उभ्या जन्मात आम्ही इतके एकत्र बसलो नव्हतो. माझ्या कामाच्या वेळा अशा, तिच्या अशा, मध्ये मुलगा. म्हातारपणी माणसं देवदर्शनाला जातात. आम्ही महाराष्ट्रातली तळी हिंडलो, लालबागच्या खोलीत बसून.

तर त्या बुधवारी सुनेचा फोन संपला आणि ती आमचं भांडण सोडवायला आली. तळं बघून तीही थांबली.

"आई, खरं सांगू? मलाही सांगता येत नाही. गाळ भरून त्यावर शेत केलं तरी लाल दिसणार, आणि पाण्यावर पानं पसरली तरी लाल दिसणार. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे पूर्ण काळं होतं. दर वर्षी लाल वाढत गेलंय."

"मगे जाऊन बघूचा."

"सगळीकडे माणूस पाठवता येत नाही. काही ठरावीक ठिकाणीच जागेवर जाऊन तपासतात, आणि हे त्यात नाहीये." मग ती म्हणाली की उद्या संध्याकाळी संस्थेची यादी सरकारकडे जायची आहे. पाणी गेलेली तळी वेगळी काढायची आहेत. हे आता तरी 'कोरडं' म्हणून जाईल.

बायकोने भिंग खाली ठेवलं. "कोरडा म्हणून गेला तर फुडे काय जाता?"

"लगेच काही होत नाही. पण कागदावर ते तळं राहत नाही. मग त्याची काळजी घ्यायचं कारण उरत नाही. कोणी भराव टाकला तरी कोण विचारणार?"

"आणि त्या बायकांनी काय करूचा?"

सून पडद्यावरच्या लाल डागाकडे वाकली. मी म्हटलं, अगं, तिच्या एकटीच्या हातात आहे का ते?

"शेरा लिहिता येतो," सून म्हणाली. "पाणवनस्पतींनी झाकलेलं असण्याची शक्यता, जागेवर पाहणी करावी, असा. तो लिहिला की पाहणी करावीच लागते. पण त्याला आधार हवा. कोणीतरी जागेवरची माहिती दिलेली हवी. माझ्या सासूला वाटतं, असं नाही ना लिहिता येत."

"का नाय? सासू माणूस नाय?"

सून हसली, मीही हसलो. बायको मात्र हसली नाही. तिने सरळ सांगून टाकलं की उद्या गुरुवार, मार्गशीर्षातला, बाजारात पानवाल्या बायका येणारच. पहाटे दादरला जाऊन तळ्याचं सगळं विचारून येते, मग बघू तुझी यादी काय म्हणते. मी म्हटलं, "जा, जा. आणि आटलंय असं त्या म्हणाल्या तर माझ्यासाठी वडे घेऊन ये."

"आणि पाणी आसा म्हणाल्यो तर?"

"तर मी आणीन."

दुपारी कुळथाची पिठी आणि भात जेवलो. मार्गशीर्ष, म्हणून मासळी बंद. पिठीत मीठ कमी होतं, ते मी सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या तोंडातच खारटपणा जास्त आहे, वरून कशाला हवं. मग ती खिडकीजवळच्या खाटेवर आडवी झाली. चारला चहा झाला तेव्हा सून तिला उठवायला गेली, आणि ती उठली नाही.

डॉक्टर आमच्याच इमारतीत खाली राहतात. ते धावत आले. मनगट धरलं, छातीला नळी लावली, आणि मग सुनेकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

लोक म्हणाले, सुखाचं मरण. मरणात सुख कसलं, पण एक गोष्ट खरी. ती गेली तेव्हा माझ्यावर चिडलेली होती, आणि चिडलेली म्हणजे ठणठणीत. आजारी बायको मी पाहिलीच नाही. हे माझं नशीब मी मोजून ठेवलेलं आहे. त्याच रात्री सगळं उरकून आम्ही घरी परत आलो.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला जाग आली. चावीवाल्याची झोप पाचला मोडते, ती निवृत्तीने सुधारत नाही. मुलगा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. सून खाली सतरंजीवर. खाटेच्या जागी दिवा लावलेला. मी त्याच्यापुढे थोडा वेळ बसलो. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं, आज गुरुवार, संध्याकाळी यादी जाणार.

मी शर्ट चढवला आणि दार ओढून घेतलं. जिन्यात समोरच्या काकू दुधाची पिशवी घ्यायला उभ्या.

"अहो, सुतकात कुठे निघालात?"

"फुलबाजारात."

"तिच्या फोटोला हार ना? तो मुलगा आणेल. तुम्ही नका हो जाऊ, बरं नाही दिसत."

"हार नकोय. चौकशी आहे."

मी खाली उतरून टॅक्सी केली.

दादरचा बाजार पेटलेला होता. गुरुवारची गर्दी. नेहमी मी बाहेर थांबतो ती जागा सोडून आत शिरलो. खांद्यावर पोती, डोक्यावर टोपल्या, कोणी मला "ओ काका, बाजू" म्हणतंय, कोणी "चाचा, साइड". पानवाल्या बायका पुलाखाली कडेला गोणपाटं टाकून बसतात एवढं माहीत होतं. तिघी-चौघी होत्या. मी त्या गावचं नाव घेतलं. एकीने हात वर केला. पन्नाशीची असेल, हडकुळी, हातभर हिरव्या बांगड्या.

"तुमचं तळं आटलंय म्हणतात. खरं का?"

"कोण म्हणतो?"

"वरून तसं दिसतं." मी बोट वर केलं.

तिने वर बघितलं. "पुलावरून?"

"आकाशातून. उपग्रह फोटो काढतो."

"त्याला म्हणावं, खाली ये."

शेजारणी फिदीफिदी हसल्या. मलाही हसू आलं, आणि आलं याची लाज वाटली. मग मी तिला माझ्या कामाचं ते विचारायला लागलो. पाणी किती?

"कडेला कंबरभर. मधी ठाव नाही लागत. ट्यूबवर पोट टाकून जावं लागतं."

"ट्रॅक्टरची ट्यूब?"

"मग काय सायकलची?"

"उन्हाळ्यात?"

"खाली जातं. पण आटत नाही. मागं झरा हाय."

"मग फोटोत पूर्वीपेक्षा लहान का दिसतं?"

ती आवाज खाली आणून म्हणाली की एका बाजूने डोंगराची माती येते, तो कोपरा बुजलाय, आणि तिथे लोकांनी भाताची खाचरं केलीत. तेवढं गेलं. बाकीचं सगळं पान आहे आणि पानाखाली पाणी. म्हणजे मी कोपऱ्यापुरता बरोबर होतो. हे बायकोला सांगायला मिळालं असतं तर तिने कोपऱ्यापुरतेच वडे आणले असते.

"पण काका, तुम्ही कोण?" बाईने विचारलं. "फुलपुडीवाल्या मावशीबरोबर बाहेर उभे असता, तेच का? मावशी कुठंय? तिला आज कमळं बाजूला ठेवलीत."

"काल गेली."

तिच्या हातात गड्डी होती ती तशीच राहिली. मग तिने गोणपाटाचं टोक झटकलं, पानं सरकवली आणि मला जागा करून दिली. मी बसलो. ती गिऱ्हाईक करत राहिली. गुरुवार होता, तिने तरी काय करावं. पाणी शिंपडलेल्या पानांचा वास येत होता. बायकोच्या पदराला सकाळी हाच वास असायचा, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, पाणी खोल आहे हे दाखवायला काही आहे का? तोंडी सांगून आमची सून लिहीत नाही. तिने मागून एक जुडी ओढली. हॉटेलांची सजावट करणाऱ्याने लांब देठांची कमळं मागितली होती, बुडापासून उपटलेली. त्यातलं एक तिने मला उभं करून दाखवलं. खालचं टोक जमिनीला, वरची कळी माझ्या छातीच्या वर. बुडाला चिखल तसाच. कळीच्या खाली वीतभर जागा सोडून तिने देठावर नखाने खूण केली.

"हितवर पाणी. आणि हे कडेचं हाय, मधलं नव्हे."

"तुमचं नाव लिहू का? माहिती देणारी म्हणून."

"नको बाबा. खाचरं केलेले लोक आमच्याच आळीतले. आम्हाला तिथं राहायचंय."

ते मला पटलं. कमळ घेऊन मी निघालो. टॅक्सीत ते मावेना, म्हणून कळी खिडकीबाहेर. टॅक्सीवाल्याने आरशात बघून विचारलं, "चाचा, ये सब्जी है क्या?" मी म्हटलं, "सबूत है." त्याने पुढे काही विचारलं नाही.

घरी सगळे उठले होते. मुलगा वैतागलेला, फोन घरीच ठेवून कुठे गेलात म्हणून. सुनेने माझ्या हातातलं कमळ बघितलं, मग बुडाचा चिखल बघितला, आणि काही न विचारता कपाटातून टेप काढला. मी देठ भिंतीला लावून धरला, तिने नखाच्या खुणेपर्यंत मापलं. मग फोटो काढला, टेपसकट. मी बाईने सांगितलेलं सगळं सांगितलं. कोपऱ्यातली खाचरं आणि मागचा झराही सांगितला. सतरंजीवर मांडी घालून तिने लॅपटॉप उघडला. मुलगा म्हणाला, "आज? हे आज करायचंय?" ती म्हणाली, "आजच करायचंय," आणि नाक पुसून लिहायला लागली.

एका जागी ती थांबली.

"बाबा, माहिती देणारा म्हणून नाव लागतं."

"सासूचं लिही."

"आईंचंच लिहावंसं वाटतंय मलाही. पण खात्री करायला उद्या कोणी फोन केला तर?"

मी विचार केला. मी तर तळं आटलंय म्हणणारा. सगळं भांडण त्याच बाजूने केलेलं. पण दुसरं कोणी नव्हतं.

"माझं लिही," मी म्हटलं.

तिने लिहिलं. मग व्यवसाय विचारला. मी म्हटलं, चावीवाला, पाणीखातं, निवृत्त. तिने तेही लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: तळ्यावर कमळाची दाट वाढ, पानांखाली पाणी असल्याची माहिती, एका कोपऱ्यात गाळ व भातशेती, जागेवर पाहणी करावी. मी म्हटलं, बरोबर आहे, पाठव.

तिने पाठवलं. मी कमळ बादलीत उभं करून ठेवलं, आंघोळ केली, आणि मुलाबरोबर अस्थी आणायला गेलो.